वाहिनी-श्लेष्मार्बुद, श्रोणीतील

वाहिनी-श्लेष्मार्बुद, श्रोणीतील : श्रोणी (ओटीपोटाखालील हाडांच्या कड्याने वेढलेली पोकळी) व मूलाधार (जननेंद्रिय व गुदद्वार यांमधील भाग) येथील मृदू संयोजी ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या आधार देणाऱ्या समूहात) उद्‌भवणारे, सावकाश वाढणारे व विरळ आढळणारे अर्बुद (गाठ). आधुनिक वैद्यकात ते ‘ॲग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमा’ किंवा ‘डीप अँजिओमिक्सोमा’ या नावांनी ओळखले जाते. या गाठीत श्लेष्म्यासारखे बुळबुळीत आधारद्रव्य व त्यात विखुरलेल्या अनेक रक्तवाहिन्या असतात, म्हणून तिला वाहिनी-श्लेष्मार्बुद म्हणतात. ‘आक्रमक’ या विशेषणामुळे हे अर्बुद मारक असावे असा समज होतो, परंतु तो बरोबर नाही. ही गाठ शरीरात दूरवर सहसा पसरत नाही व तिच्यामुळे मृत्यू येणे अत्यंत विरळ आहे. मात्र ती शेजारच्या चरबीत व स्नायूंत अस्पष्ट कडांनी शिरते आणि अपुरी काढली गेल्यास त्याच जागी पुन्हा वाढते. हा स्थानिक आक्रमकपणाच विशेषणातून सुचविलेला आहे.

या अर्बुदाचे व्यावहारिक महत्त्व त्याच्या संख्येत नाही. ते पहिल्या भेटीत बहुधा दुसऱ्याच एखाद्या नेहमीच्या विकाराच्या नावाने ओळखले जाते, त्या समजुतीने लहानशी शस्त्रक्रिया होते आणि गाठीचा मोठा भाग आतच राहतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीचे अचूक निदान हा या रोगाच्या चिकित्सेचा पाया होय.

इतिहास : टी. ए. स्टीपर व जे. रोसाई या विकृतिवैज्ञानिकांनी १९८३ मध्ये नऊ स्त्रियांमधील गाठींचे वर्णन करून हे स्वतंत्र अर्बुद असल्याचे दाखवून दिले. तत्पूर्वी अशा गाठींची नोंद साधे श्लेष्मार्बुद, वसार्बुद (चरबीची गाठ) किंवा अनिश्चित स्वरूपाचे अर्बुद अशा शीर्षकांखाली होत असे. मूलाधाराच्या त्याच प्रदेशात आढळणारी, परंतु मर्यादित राहणारी व पुन्हा न उद्‌भवणारी काही अर्बुदे १९९० नंतरच्या दशकात वेगळी करण्यात आली. त्यामुळे आक्रमक प्रकाराची व्याख्या अधिक काटेकोर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अर्बुद-वर्गीकरणात हे अर्बुद मारक गटात धरलेले नाही. ही बाब रुग्णाला दिलासा देणारी असली, तरी तिचा एक परिणाम असा की, कर्करोगाच्या नोंदणीपटांत अशा गाठींची गणना होत नाही. या रोगासंबंधीचे ज्ञान मुख्यतः एकेका रुग्णाच्या वृत्तांतांतून व लहान रुग्णमालिकांतून जमलेले आहे.

आढळ व कारणे : हे अर्बुद प्रामुख्याने प्रजननक्षम वयातील स्त्रियांत, विशेषतः ३० ते ५० या वयात आढळते. पुरुषांतील प्रमाण स्त्रियांच्या मानाने सु. एक-षष्ठांश असते. पुरुषांत ते वृषणकोश, रेतोरज्जू (वृषणाकडे जाणाऱ्या वाहिन्यांचा जुडगा) किंवा जांघेत उद्‌भवते व अंतर्गळ किंवा जलवृषण असल्याचा भास निर्माण करते. अर्बुदाचे निश्चित कारण ज्ञात नाही. मात्र बऱ्याच गाठींत १२ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एच्‌एम्‌जीए२ या जनुकाची मांडणी बदललेली आढळते. शिवाय गाठीतील कोशिकांच्या केंद्रकांत एस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन या स्त्री-हॉर्मोनांची ग्राही प्रथिने (हॉर्मोन ज्यांना येऊन चिकटते अशी प्रथिने) बहुधा असतात. गर्भारपणात ही गाठ झपाट्याने वाढल्याची उदाहरणे नोंदलेली असून त्यांचा खुलासा या प्रथिनांवरून होतो.

शारीर पार्श्वभूमी : गाठ दीर्घकाळ लपून का राहते, हे श्रोणीच्या रचनेवरून समजते. श्रोणीच्या तळाशी स्नायूंचा एक पाळणा असतो. त्यातून स्त्रियांत पुढून मागे मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग बाहेर पडतात. पाळण्याच्या वर मूत्राशय, गर्भाशय व गुदांत्र ही इंद्रिये असून त्यांच्यामधील फटी सैल ऊतकाने व चरबीने भरलेल्या असतात. मऊ गाठीला या फटींत वाढण्यास पुष्कळ वाव मिळतो. ती कठीण नसल्याने शेजारच्या इंद्रियांच्या भिंती फोडून आत शिरत नाही, तर त्यांना बाजूस सारते. त्यामुळे लघवीत रक्त येणे किंवा आतडे बंद होणे यांसारखी धोक्याची सूचना लवकर मिळत नाही. पुष्कळदा गाठ पाळण्याच्या वर व खाली अशा दोन्ही बाजूंस वाढते. खाली दिसणारा भाग लिंबाएवढा, तर वरचा भाग नारळाहून मोठा असू शकतो.

लक्षणे : योनिद्वाराच्या बाजूस, मांडीच्या वरच्या टोकाशी किंवा कुल्ल्याच्या आतल्या भागात मऊ, न दुखणारा फुगवटा येणे हे सर्वसाधारण पहिले लक्षण होय. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. पुढे बसताना अडचण, ओटीपोटात जडपणा, लघवी वारंवार लागणे किंवा अडखळणे, बद्धकोष्ठ व शरीरसंबंधाच्या वेळी वेदना ही लक्षणे निर्माण होतात. ताप, वजन घटणे किंवा अशक्तपणा सहसा नसतो. दुखत नाही व अवघड जागी आहे, या दोन कारणांनी स्त्रिया पुष्कळदा ही गाठ कोणास दाखवीत नाहीत.

बोलीभाषेतील तक्रारीचे शब्दही वैद्यास चुकीच्या दिशेने नेऊ शकतात. ‘अंग बाहेर येते’ असे रुग्ण सांगते, तेव्हा गर्भाशय किंवा योनिमार्गाची भिंत खाली उतरल्याचे गृहीत धरले जाते. ‘अवधान आले’ असे म्हटल्यास जांघेतील लसीका ग्रंथीची सूज मनात येते. योनिद्वाराच्या बाजूची गाठ बार्थोलिन ग्रंथीचे द्रवार्बुद (द्रवाने भरलेली पिशवी) म्हणून, तर जांघेतील गाठ अंतर्गळ म्हणून धरली जाते. हे विकार वाहिनी-श्लेष्मार्बुदाच्या अनेक पटींनी अधिक आढळत असल्यामुळे प्रथम त्यांचा विचार होणे स्वाभाविकच आहे. मात्र पुढील बाबी आढळल्यास थांबून फेरविचार करणे इष्ट ठरते : गाठ दाबली असता किंवा आडवे झाल्यावर आत जात नाही; खोकल्याबरोबर ठोका जाणवत नाही; सुई घातल्यास द्रव निघत नाही; गाठीची वरची कड बोटांनी लागत नाही; किंवा एकदा काढलेली ‘साधी’ गाठ त्याच जागी पुन्हा येते.

निदान : (१) प्रत्यक्ष तपासणी : ओटीपोट, योनिमार्ग व गुदांत्र या तिन्ही मार्गांनी तपासणी करावी लागते. केवळ बाहेरचा फुगवटा पाहून गाठीच्या व्याप्तीचा अंदाज येत नाही. तपासणीच्या वेळी स्त्री परिचारिका उपस्थित असणे व तपासणीचा हेतू रुग्णास आधी समजावून सांगणे आवश्यक असते. अन्यथा तपासणी अपुरी राहते.

(२) प्रतिमादर्शन : श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या परीक्षेत (सोनोग्राफीत) गाठ गडद, कधी द्रवाच्या पिशवीसारखी दिसते व त्यामुळे फसगत होऊ शकते. निर्णायक माहिती चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने (एम्‌आरआयने) मिळते. गाठीत पाण्याचा अंश भरपूर असल्यामुळे या परीक्षेच्या एका विशिष्ट पद्धतीत ती पांढरी चकाकते व त्या पांढऱ्या क्षेत्रात भोवऱ्यासारख्या किंवा एकावर एक थर दिल्यासारख्या गडद रेषा दिसतात. ही आकृती या अर्बुदाची जवळजवळ ओळखखूण समजली जाते. गाठ स्नायूंच्या पाळण्याच्या वर किती व खाली किती आहे आणि मूत्राशय, गुदांत्र व मोठ्या रक्तवाहिन्या यांच्याशी तिचा संबंध कसा आहे, हेही या प्रतिमांवरून कळते. शस्त्रक्रिया कोणत्या मार्गाने करावयाची, हे त्यावरून ठरते.

(३) जीवोतक परीक्षा (जिवंत शरीरातून ऊतकाचा तुकडा काढून केलेली तपासणी) : बारीक सुईने ओढलेल्या नमुन्यात बहुधा थोडा श्लेष्मा व मोजक्या कोशिकाच येतात आणि त्यांवरून निर्णय करता येत नाही. म्हणून जाड पोकळ सुईने ऊतकाची लांबट कांडी काढतात. ही सुई पुढील शस्त्रक्रियेत काढून टाकावयाच्या भागातूनच घालणे श्रेयस्कर असते. शक्यतो शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच ती घातली जाते.

सूक्ष्मदर्शकाखाली विरळ विखुरलेल्या चातीच्या व ताऱ्याच्या आकाराच्या कोशिका दिसतात. त्यांची केंद्रके लहान व एकसारखी असून विभाजन होत असलेल्या कोशिका क्वचितच आढळतात. फिकट आधारद्रव्यात लहानमोठ्या, पुष्कळदा जाड भिंतीच्या रक्तवाहिन्या असतात व कडेला चरबी, स्नायू आणि तंत्रिका (मज्जातंतू) गाठीत अडकलेल्या दिसतात. विशिष्ट प्रतिपिंडांच्या साहाय्याने कोशिकांतील डेस्मिन हे प्रथिन व हॉर्मोनांची ग्राही प्रथिने शोधली जातात. चरबीपासून किंवा स्नायूंपासून झालेल्या श्लेष्मल स्वरूपाच्या मांसकर्कापासून (संयोजी ऊतकाच्या मारक अर्बुदापासून) हे अर्बुद वेगळे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे असते, कारण मांसकर्काची चिकित्सा व भवितव्य ही दोन्ही पूर्णतः निराळी आहेत. विकृतिवैज्ञानिकाला गाठीचे स्थान, आकार व प्रतिमादर्शनाचे निष्कर्ष न कळविता केवळ तुकडा पाठविल्यास अनुभवी तज्ज्ञाचाही निर्णय चुकू शकतो.

शस्त्रचिकित्सा : गाठ संपूर्ण काढून टाकणे ही मुख्य चिकित्सा होय. गाठ स्नायूंच्या पाळण्याखाली असल्यास मूलाधाराच्या बाजूने व पाळण्याच्या वर असल्यास पोटावर छेद घेऊन तिच्यापर्यंत पोहोचतात. दोन्ही बाजूंस असल्यास दोन्ही मार्गांचा एकत्र अवलंब करतात. अशा वेळी स्त्रीरोग, कर्करोग, मूत्ररोग व आतडे यांच्या शस्त्रक्रियांतील तज्ज्ञ एकत्र काम करतात. मूत्रवाहिन्या (वृक्कांतून मूत्राशयाकडे मूत्र नेणाऱ्या नळ्या) ओळखता याव्यात म्हणून त्यांत आधी बारीक नळ्या बसविण्याची पद्धत आहे. गाठ मोठी असल्यास तिला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच्या शाखा शस्त्रक्रियेपूर्वी क्ष-किरण प्रतिमेच्या मार्गदर्शनाखाली बंद करतात व त्यामुळे रक्तस्राव घटतो. जुळणारे रक्त हाताशी ठेवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत आवश्यक असते.

शस्त्रवैद्यापुढील खरी अडचण गाठीच्या कडांची असते. तिला नीट आवरण नसते व तिचा रंग आणि मऊपणा भोवतालच्या सुजलेल्या चरबीसारखाच असतो. त्यामुळे बोटांनी सोडवून काढलेली गाठ अखंड वाटली, तरी तिचे फाटे मागे राहण्याचा संभव असतो. म्हणून प्रतिमांवरून आधी आखलेल्या मर्यादेनुसार, निरोगी ऊतकाच्या पट्ट्यासह गाठ काढण्याचा प्रयत्न करतात. काढलेल्या गाठीच्या बाजू दोऱ्यांनी खुणावून ती विकृतिवैज्ञानिकाकडे पाठवितात. त्यामुळे कोणत्या कडेपर्यंत गाठ पोहोचली होती हे निश्चित सांगता येते.

पूर्वी मूत्राशय, गुदांत्र किंवा गर्भाशय यांचा भाग गमवावा लागला तरी चालेल, पण कडा मुक्त असल्याच पाहिजेत, असा आग्रह धरला जाई. प्रकाशित रुग्णवृत्तांच्या २००० मध्ये झालेल्या एका आढाव्यात कडा मुक्त असलेल्या व नसलेल्या रुग्णांमधील पुनरुद्‌भवाच्या (गाठ पुन्हा होण्याच्या) प्रमाणात अपेक्षेएवढा फरक आढळला नाही. त्यामुळे हा दृष्टिकोन बदलला. जी गाठ सहसा प्राण घेत नाही, तिच्यासाठी मलमूत्रावरील ताबा किंवा अपत्यप्राप्तीची क्षमता घालविणे योग्य नाही, असे आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. शक्य तेवढी संपूर्ण गाठ काढावी, परंतु महत्त्वाच्या इंद्रियाला चिकटलेला पातळ थर राखावा लागल्यास तो राखून पुढे नियमित लक्ष ठेवावे, असा मध्यममार्ग रूढ झाला आहे. हा निर्णय रुग्णाच्या वयाचा व इच्छेचा विचार करून, तिला सर्व बाजू समजावून देऊन शस्त्रक्रियेपूर्वीच घ्यावयाचा असतो.

शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव, जखमेत पू होणे, लघवी तात्पुरती अडकणे व श्रोणितलाचे स्नायू दुबळे होणे हे उपद्रव संभवतात. स्नायूंचे विशिष्ट व्यायाम शिकविल्यास शेवटच्या उपद्रवात सुधारणा होते.

इतर चिकित्सा : हॉर्मोनांची ग्राही प्रथिने असलेल्या गाठींत बीजांडकोशाचे कार्य तात्पुरते थांबविणारी ल्युप्रोलाइडासारखी औषधे किंवा एस्ट्रोजेनाची निर्मिती रोखणारी औषधे उपयोगी पडतात. त्यांनी काही गाठी आकसल्या, तर काही पूर्ण नाहीशा झाल्याची उदाहरणे आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी गाठ लहान करण्यासाठी, तसेच पुनरुद्‌भवलेली गाठ काढणे धोक्याचे असल्यास यांचा वापर करतात. औषध थांबविल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते व दीर्घकाळ दिल्यास हाडे विरळ होतात. म्हणून त्यांचा उपयोग वैद्यकीय देखरेखीखालीच करावा लागतो. कोशिकांचे विभाजन मंद असल्यामुळे कर्करोगावरील नेहमीच्या मारक औषधांचा फायदा होत नाही. किरणोपचार निवडक, वारंवार उद्‌भवणाऱ्या गाठींपुरतेच मर्यादित आहेत.

पुनरुद्‌भव व भवितव्य : जुन्या वृत्तांतांत निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ पुन्हा झाल्याचे नमूद आहे. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाचा वापर वाढल्यानंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत हे प्रमाण त्याहून कमी, सु. एक-तृतीयांश आढळते. बहुतेक गाठी पहिल्या काही वर्षांत पुन्हा येत असल्या, तरी दहा वर्षांनंतर आल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून प्रारंभी काही महिन्यांच्या व नंतर वर्षाच्या अंतराने प्रतिमादर्शनासह तपासणी अनेक वर्षे चालू ठेवावी लागते. फुप्फुसात प्रक्षेप (मूळ गाठीपासून दूर झालेली दुय्यम वाढ) झाल्याच्या नोंदी अगदी मोजक्या आहेत. पुन्हा झालेली गाठ पुन्हा काढता येते आणि रुग्णाचे आयुर्मान सर्वसाधारणपणे घटत नाही.

महाराष्ट्रातील सोयी : अशा विरळ अर्बुदाच्या रुग्णाला निदानापर्यंत किती टप्पे ओलांडावे लागतात, हे मराठवाड्यातील एखाद्या गावाच्या संदर्भात पाहता येते. हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवरील धरणामुळे परिचित असलेले सिद्धेश्वर हे असे एक गाव होय. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. तेथील ग्रामीण भागातील स्त्रीच्या बाबतीत शासकीय व्यवस्थेचा पहिला दुवा आशा कार्यकर्ती किंवा उपकेंद्रातील परिचारिका हा असतो. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय व हिंगोली येथील जिल्हा रुग्णालय असे टप्पे येतात. विशेष शस्त्रक्रियेसाठी नांदेड येथील १९८८ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अथवा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील १९५६ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व तेथे २०१२ मध्ये सुरू झालेले शासकीय कर्करोग रुग्णालय येथे जावे लागते. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथे वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी अर्बुदांच्या विकृतिवैज्ञानिक अभ्यासाची परंपरा घातली. मांसकर्क व तत्सम विरळ अर्बुदांसंबंधी संशय असल्यास सूक्ष्मदर्शकी काचपट्ट्या व ऊतकाचे मेणठोकळे अशा केंद्राकडे फेरतपासणीसाठी पाठविता येतात. त्यासाठी प्रत्येक वेळी रुग्णाने जाण्याची गरज नसते.

ग्रामीण स्त्रिया श्रोणीच्या तपासणीस तयार होत नाहीत, हा समज मराठवाड्यातीलच एका मोठ्या उपक्रमाने दूर केला आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या शोधासाठी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांमधील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात टाटा स्मारक रुग्णालय व बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांचा सहभाग होता. तपासणीसाठी बोलावलेल्या स्त्रियांपैकी बहुसंख्य तपासणीस आल्या. तो कर्करोग व येथे वर्णिलेले अर्बुद यांचा परस्परसंबंध नाही. मात्र घराजवळ, विश्वासाच्या वातावरणात सोय झाल्यास स्त्रिया अवघड जागेची तक्रार सांगतात व तपासणी करून घेतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

वाहिनी-श्लेष्मार्बुदाच्या बाबतीत प्राथमिक पातळीवरील वैद्याने निश्चित निदान करावे अशी अपेक्षा नसते. मूलाधाराजवळील न दुखणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या व आत न जाणाऱ्या गाठीवर तेथेच छेद न घेता रुग्णास प्रतिमादर्शनासाठी पुढे पाठविणे, पूर्वी काढलेल्या गाठीचा तुकडा टाकून न देता तपासणीस धाडणे व त्याचा अहवाल रुग्णाच्या हाती जपून ठेवावयास देणे एवढे केले, तरी पुढील केंद्रातील पहिलीच शस्त्रक्रिया योग्य निदानानिशी होऊ शकते.